तपासणाऱ्याने चाखायचं नसतं

बाईला किळस यायला फार काही लागत नसे. चारचौघांना झुरळ दिसलं की किळस येते. हिला झुरळ अजून आलेलं नाही पण येऊ शकेल अशी फट दिसली तरी पुरे. शहराच्या आरोग्य खात्यात बावीस वर्षं ती हॉटेलं, बेकऱ्या आणि शाळांची स्वयंपाकघरं तपासत होती. तिथे पाहिलेलं निम्मं जरी तिने तोंडातून काढलं असतं, तरी अर्ध्या शहराने बाहेर पाणी पिणं सोडलं असतं. हॉटेलवाले तिला पाठीमागे नाकबाई म्हणत. नाव चपखल होतं. आंबलेलं फडकं, शिळं तेल, फ्रीजच्या रबरामागची बुरशी, सगळं तिला दारातूनच कळे. नाकावर माशी बसू देत नाही, असं आपण मानी माणसाबद्दल म्हणतो. हिने पावावर बसलेल्या माश्यांपायी एक बेकरी पंधरा दिवस बंद ठेवली होती.

या कामात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात: तपासणाऱ्याने चाखायचं नसतं. चाखलं की माणूस मिंधा होतो, आणि आजारी पडला तर खात्याची अब्रू जाते ती वेगळीच. मालक ताटली पुढे करायचा, “चव तर बघा, मॅडम,” आणि ती म्हणायची, “मी चाखत नसते.” हे वाक्य तिच्या अंगात इतकं मुरलं की ते घरीही आलं. घरी ती मापाने रांधायची. अमुक ग्रॅम मीठ, तमुक चमचे साखर. चाखायचं काम नवऱ्याकडे होतं. “अहो, मीठ बघा जरा,” अशी हाक गेली की तो हातातला रंधा ठेवून, अंगावरचा भुसा झटकत स्वयंपाकघरात यायचा, पळी ओठाला लावायचा आणि म्हणायचा, “थोडं हवं.” कधी म्हणायचा, “बास.” बावीस वर्षं त्या घरातली चव त्याच्या जिभेवर चालली होती.

आणि मग नेमका त्याच जिभेला रोग झाला.

डॉक्टरांनी जिभेचा एक तुकडा आणि खालच्या जबड्याचा डावा कोपरा काढला. पुढे सहा आठवडे किरण दिले. त्याने रोग गेला म्हणे, पण तोंडाची आतून साल निघाली. सुताराचं तोंड तसं मोठं, पट्टीचं बोलणारं. आता त्यातून शब्द निघायचा तो ओल्या कापडात गुंडाळल्यासारखा. त्यामुळे तो प्लायवुडच्या एका हातभर तुकड्यावर सुतारी पेन्सिलीने लिहायचा, आणि समोरच्याने वाचलं की सँडपेपरने घासून टाकायचा. पाटीपेक्षा हे बरं, असं त्याचं मत. भुसा खाली पडायचा आणि बाई केरसुणी घेऊन मागे उभी.

आता जे सांगायचं ते सरळच सांगतो, कारण आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. बाईला नवऱ्याची किळस येऊ लागली होती. तो जेवायला बसला की घास तोंडातल्या तोंडात फिरायचा, डाव्या कोपऱ्यातून पांढरट ओघळ हनुवटीवर यायचा, तो ओघळ तुटायचा नाही, लोंबत राहायचा, आणि त्यातून एक आवाज यायचा, बुळबुळीत. ज्या माणसाचा घाम, भुसा आणि फेविकॉलने चिकटलेली बोटं तिने सव्वीस वर्षं बिनतक्रार अंगाला लावून घेतली, त्याच माणसाचा चमचा आता ती चिमट्याने उचलायची. तो जेवायला बसला की तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. नळ मोठा सोडायची, म्हणजे आवाज ऐकू यायचा नाही. स्वतःची लाज वाटायची, पण लाजेने किळस जात नाही. दोन्ही एका घरात सुखाने नांदतात.

नवऱ्याच्या हे ध्यानात आलं होतं. तो कमी खाऊ लागला.

डॉक्टरांनी काटा दाखवला. एक्कावन्न किलो चारशे. “पन्नासच्या खाली गेले तर नाकातून नळी घालावी लागेल,” ते म्हणाले. “पंधरा दिवसांनी, गुरुवारी या. काहीही करा, पण खायला घाला. गार आणि मऊ. आइसक्रीम चालेल, उत्तम चालेल. मात्र बाहेरचं नको, रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी आहेत, लगेच संसर्ग होईल. घरी करा, ताजं.”

नळीचं नाव निघताच नवऱ्याने प्लायवुडवर लिहिलं, “परत नळी नको.” ऑपरेशननंतर वीस दिवस त्याला नळी होती. त्या वीस दिवसांबद्दल तो कधी काही लिहीत नसे.

आइसक्रीमचं यंत्र नणंदेकडे होतं. नवऱ्याची ही धाकटी बहीण शिवणकाम करायची. दिवसभर दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करून सुईत ओवायचं, टाचण्या ओठात धरायच्या, त्याच तोंडाने चहा प्यायचा आणि त्याच तोंडाने गिऱ्हाइकाशी बोलायचं. बाई तिच्या घरी चहा घ्यायचं टाळायची. पण नडला की माणूस कोणाच्याही दारी जातो.

“अगं वहिनी, घेऊन जा की, विचारतेस काय?” नणंदेने माळ्यावरून यंत्र काढलं. गोल प्लास्टिकचं डबडं, वर मोटर, झाकणाला चीर. बाईने पर्समधली विजेरी काढली. झाकण उलटं केलं, पातं बसायच्या भोकात कापसाची काडी फिरवली. काडी तपकिरी होऊन बाहेर आली. वास आला. लहान बाळाच्या गादीखाली राहून गेलेल्या दुधाच्या बाटलीचा येतो, तसा.

“हे धुतेस कधी?”

“धुते तर. दर वेळी धुते.”

“भोक?”

“भोक कोण धुतं?” नणंद हसली. “बारा वर्षं आम्ही याच्यातलं खातोय. मेलं का कोणी?”

“मेलेले तक्रार करायला येत नाहीत,” बाई म्हणाली.

नणंदेचं हसू मावळलं. तिने यंत्र परत पिशवीत घातलं आणि दोऱ्याचं टोक चावून तोडलं. “मग नवीन घे बाई,” ती म्हणाली. “दादाचं पोट भरू दे म्हणजे झालं.”

तर नवीन घ्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको दुकानात गेली. बाजारपेठेच्या टोकाला, मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे विकणारं लांबलचक दुकान होतं. दुकानदार जाड, उत्साही, आणि वहीची पानं उलटताना अंगठा जिभेला लावणारा. बाईने तो अंगठा बघितला आणि पुढचा अर्धा तास ती तो अंगठा कुठे कुठे लागला याचा मनातल्या मनात हिशेब ठेवत राहिली.

“घरगुती आइसक्रीमच्या मशीनचे तीन प्रकार,” दुकानदाराने सुरुवात केली. “पहिला, आपला जुना. लाकडी बादली, मध्ये डबा, भोवती बर्फ आणि मीठ, वरून दांडा फिरवायचा. वीज नको, काही नको. आणि चव? चवीला तोड नाही.”

नवरा लाकडी बादलीपाशी गेला. त्याने तिच्या फळ्यांवरून हात फिरवला, सांधे बघितले, पट्टीखाली नख घालून लाकूड कोणतं ते जोखलं. पुष्कळ दिवसांत त्याचा चेहरा असा हलला नव्हता. पिशवीतून प्लायवुड काढून त्याने लिहिलं, “हे.”

“लाकूड ओल पितं,” बाई म्हणाली. “सांध्यात काय काय वाढेल, माहितीये तुम्हाला?”

सुताराला लाकूड शिकवण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. त्याने “हे” घासून टाकलं. दुकानदाराच्या चकचकीत फरशीवर चिमूटभर भुसा पडला.

“दुसरा प्रकार,” दुकानदार लगबगीने म्हणाला, “याचं भांडं दुहेरी भिंतीचं. आदल्या दिवशी बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी दूध ओतायचं, बटण दाबायचं.”

“भिंतीच्या मध्ये काय आहे?”

“थंडावा धरणारं पाणी असतं. सीलबंद.”

“सील फुटलं तर?”

“फुटत नाही, मॅडम.”

“मी विचारलं, फुटलं तर.”

दुकानदाराने घाम पुसला. अंगठ्यानेच पुसला. बाईने मान वळवली.

तिसऱ्या प्रकाराच्या पोटात स्वतःचीच गारवा करणारी यंत्रणा होती. आदल्या दिवसाची तयारी नको, स्टीलचं भांडं उचलून बाहेर काढता येतं, पात्याचे तीन भाग सुटे होतात. आकाराने छोट्या ट्रंकेएवढं, उचलायला दोन माणसं लागतील असं. बाईने विजेरी काढली. भांडं काढून त्याच्या खालची पोकळी बघितली, रबर ताणून त्याच्यामागे बघितलं, पात्याचा प्रत्येक भाग उजेडात धरून फिरवला. मग स्क्रू-ड्रायव्हर मागितला.

“कशाला?”

“झाकणाच्या आत बघायचंय.”

“बाई,” दुकानदार म्हणाला, आणि आता तो मॅडमवरून बाईवर आला होता, “तुम्हाला आइसक्रीम करायचंय का ऑपरेशन?”

नवऱ्याच्या घशातून हसण्यासारखा आवाज आला आणि हनुवटीवर ओघळ आला. बाईने पटकन रुमाल काढून त्याच्या हातात दिला. स्वतः पुसला नाही. नवऱ्याने रुमाल घेतला, तोंड पुसलं, आणि नंतर दुकानातून निघेपर्यंत तो हसला नाही.

दुकानदाराने शेवटचा उपाय म्हणून तिसऱ्या यंत्रातलं तयार आइसक्रीम एका कपात घालून पुढे केलं. “निदान चव तरी बघा. सगळा निकाल चवीवरच लागतो.”

“मी चाखत नसते,” बाई म्हणाली. “हे पॅक करा.”

यंत्र घरी आलं, ओट्याचा अर्धा भाग अडवून बसलं, आणि बाईने कामाला हात घातला तो खात्यातल्या शिस्तीने. आधी साबणाचं कढत पाणी. मग साधं पाणी. शेवटी औषधाचं पाणी. कार्यालयात क्लोरीनच्या गोळ्या मिळत. बादलीला एक गोळी हे माप. घरात पांढऱ्या पेशी कमी असलेला माणूस, म्हणून तिने दोन टाकल्या. मग चार दिवसांनी तीन. आणि त्यानंतरचा नियम असा, की औषधाचं पाणी हेच शेवटचं पाणी. त्यावर पुन्हा नळाचं पाणी घालायचं नाही, फडकं फिरवायचं नाही. फडक्यात काय असतं ते फडक्यालाच ठाऊक. ओलं आहे तसं निथळू द्यायचं. ती भांडं उपडं करायची, थोडा वेळ थांबायची, आणि मग त्यात दूध, साय, साखर आणि कुस्करलेलं केळं मापाने ओतायची. घरभर औषधाचा वास सुटायचा. बाईला त्या वासाने बरं वाटायचं. खरं म्हणजे बावीस वर्षांत तो तिला वास म्हणून जाणवेनासाच झाला होता. बाकी सगळ्या घाणी तिचं नाक दारातून ओळखायचं. हा वास तिच्या लेखी घाण नसण्याचा वास होता.

पहिल्या दिवशी तिने डोक्याला टोपी घातली, हातमोजे चढवले, तोंडाला मास्क बांधला आणि वाटी घेऊन नवऱ्यासमोर बसली. समोर. स्वयंपाकघरात नाही, नळ सोडून नाही. मास्कमुळे तिचं तिलाच सोपं झालं होतं. तोंड झाकलेलं असलं की नाक मुरडलं तरी कोणाला दिसत नाही, आणि वाटीतला पदार्थ तरी जगातला सगळ्यात स्वच्छ पदार्थ आहे एवढा दिलासा होता. तिने चमचा पुढे केला. नवऱ्याने तोंड उघडलं.

पहिल्या चमच्याला त्याचे डोळे मिटले. खुर्चीच्या हातावरची बोटं आवळली. मग त्याने गिळलं.

“दुखतंय?”

त्याने मान हलवली. नाही.

“चांगलं झालंय?”

त्याने प्लायवुड ओढलं. “छान.”

तीन चमचे गेले. चौथ्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने हात वर केला. जखमा आहेत, व्हायचंच, असं बाईने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी चार, पण चौथा त्याने रुमालात काढून टाकला. तो रुमाल तिने चिमट्याने उचलला आणि उकळत्या पाण्यात टाकला. रोज संध्याकाळी पाच वाजता ती समोर बसायची, रोज तो लिहायचा “छान”, रोज घासून टाकायचा. प्लायवुडचा तो भाग घासून घासून खोलगट झाला. आणि काटा खाली चालला. एक्कावन्न. मग पन्नास आठशे. मग पन्नास तीनशे.

आठव्या दिवशी तिचा संयम सुटला. “तुम्हाला खायचंच नाहीये,” ती मास्कमधून म्हणाली. “एवढं मी करते, रोज दोन तास नुसतं धुण्यात जातात, आणि तुम्ही तीन चमच्यांवर हात वर करता. नळी हवी आहे का तुम्हाला? हवी असेल तर तसं लिहा.”

त्याने प्लायवुड बाजूला सारलं. वाटीकडे बोट दाखवलं आणि तोंड उघडलं. चौथा चमचा त्याने गिळला. पाचवाही. पाचव्यानंतर तो बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसला, आणि त्याच्या मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या होत्या. बाईला बरं वाटलं. रागावलं की उपयोग होतो, असं तिला वाटलं. माणूस कधीकधी इतका आंधळा होतो, की चष्मा लावूनही फरक पडत नाही.

गुरुवारला तीन दिवस उरले असताना नणंद आली. मागचं बोलणं तिने मनात ठेवलं नव्हतं. ठेवलं असेल तर दाखवलं नाही. बाईने तिला दारातच हात धुवायला लावले, मास्क दिला. नणंदेने मास्क हनुवटीवर घेतला आणि भावाजवळ जाऊन बसली.

“दादा, अरे किती वाळलास,” ती म्हणाली. मग वाटी बघून, “हेच का ते राजेशाही आइसक्रीम? बघू तरी.”

नवऱ्याने एकदम वाटी छातीशी धरली. दुसऱ्या हाताने तिला नको, नको अशी खूण केली. नणंदेला वाटलं दादा थट्टा करतोय. लहानपणी तो तिच्या वाट्याचा खाऊ असाच लपवायचा. तिने हसत त्याच्या हातातला चमचा काढून घेतला, तोच चमचा, ज्याला त्याच्या तोंडातली लाळ लागलेली होती, वाटीत बुडवला आणि सरळ तोंडात घातला.

“अगं, उष्टं आहे ते,” एवढंच बाई बोलली.

नणंदेचा चेहरा आक्रसला. तिने तोंडातलं सगळं तळहातावर थुंकलं, आणि त्या तळहाताकडे बघत राहिली.

“वहिनी,” ती म्हणाली, “हे काय आहे?”

“काय म्हणजे? दूध, साय, केळं.”

“पोहायच्या तलावाचं पाणी आहे हे. जीभ चरचरली माझी. माझ्या तोंडाला एक फोड नाही, तरी चरचरली.” तिचा आवाज खाली आला. “तू चाखलंस का हे? एकदा तरी?”

“मी चाखत…” बाईने वाक्य अर्धवट सोडलं. मग ती उठून ड्रॉवरकडे गेली आणि स्वच्छ चमचा काढला.

“तो नको,” नणंद म्हणाली. “मग म्हणशील चमच्यात काही असेल. दादा ज्याने खातो, त्यानेच खा. ज्या वाटीतलं खातो, त्याच वाटीतलं.”

नणंदेने हे रागाने म्हटलं होतं, पण बोलली ती अगदी खात्याच्या नियमपुस्तकातलं. नमुना आहे तसा, आहे तिथून, आहे त्या भांड्यातूनच घ्यायचा. भांडं बदललं की नमुना बाद. बाईने हे वाक्य नव्या तपासनिसांना शंभर वेळा ऐकवलं होतं. आपलाच नियम आपल्याला लागू पडला की कुठे तोंड लपवावं कळत नाही. ती परत येऊन बसली. मास्क काढला, हातमोजे काढले. नवऱ्याने वाटी सोडली नाही. तिने त्याची बोटं एकेक करून उलगडली. चमचा ओला होता. त्याच्या कडेला पांढरी तार लोंबत होती. तिने डोळे मिटून चमचा तोंडात घातला.

सुरुवातीला नुसतं गार लागलं. मग गोड, आणि गोडाच्या मागून ते आलं. जिभेच्या कडा भाजत, हिरड्यांतून वर नाकात चढत. तिच्या बादलीतलं पाणी. साबण नाही, दूध नाही, केळं नाही, फक्त औषधाचं पाणी, तीन गोळ्यांचं. नाकबाईच्या नाकाला तो वास बावीस वर्षांत पहिल्यांदाच आला.

तिने ते थुंकलं नाही. आठ दिवस या माणसाने थुंकलं नव्हतं. एकदाच रुमालात काढलं होतं, आणि तो रुमाल तिने चिमट्याने उचलला होता. तिने गिळलं. घसा जळत गेला. साल निघालेल्या तोंडाला हे कसं लागलं असेल याचा विचार तिच्या मनात आला आणि तिला तो पुढे नेता येईना. आजवर तिला जगाची किळस आली होती, भटारखान्यांची, नणंदेच्या दोऱ्याची, नवऱ्याच्या ओघळाची. आता ती आपल्या हातांकडे बघत होती. धुऊन धुऊन पांढरे पडलेले, नखं मुळापासून कापलेले, शहरातले सगळ्यात स्वच्छ हात. त्या हातांनी तिने रोज पाच वाजता नवऱ्याच्या जखमांवर विष लावलं होतं, आणि वर त्याच्याकडून “छान” लिहून घेतलं होतं. इतकी घाण तिने कुठल्याच हॉटेलात पाहिली नव्हती.

“अहो,” ती म्हणाली. “सांगायचं तरी. एक शब्द लिहायचा. मी ओरडले तुमच्यावर, तरी तुम्ही पाचवा चमचा घेतलात. का?”

नवऱ्याने प्लायवुड मांडीवर घेतलं. पेन्सिल धरली आणि थांबला. नणंद उठली आणि हात धुवायला आत गेली. मग त्याने लिहिलं. खोलगट झालेल्या जागेत पेन्सिल नीट उमटेना, म्हणून त्याने तीच अक्षरं दोनदा गिरवली, आणि तुकडा तिच्याकडे फिरवला.

“तू समोर बसायला लागली होतीस.”

तिने वाचलं. त्याने घासायला सँडपेपर उचलला, तो तिने त्याच्या हातातून काढून घेतला.

मग ती ओट्याशी गेली आणि वांती झाली तिला. आतून नणंद धावत आली. तिने तिला हातानेच परतवलं. चूळ भरली. भांडं काढलं, पात्याचे तीन भाग सोडवले, आणि नळाखाली धरले. एकदा, दोनदा, पाचदा. मग उकळून निवलेल्या पाण्याने. दूध ओतलं, साय घातली, केळं कुस्करलं. यंत्र अर्धा तास घरघरत राहिलं. थांबल्यावर तिने पात्यावरचं उघड्या बोटाने काढून चाखलं. तिला काही कळेना. बावीस वर्षांत सवयच राहिली नव्हती. चांगलं म्हणजे कसं लागतं?

“बघ गं,” तिने बोट पुन्हा बुडवून नणंदेपुढे धरलं.

नणंदेने ते बोट चाटलं. “साखर कमी आहे.”

साखर घातली. वाटी भरली. ती नवऱ्यासमोर जाऊन बसली. टोपी नाही, मोजे नाहीत, मास्क नाही. तिने आधी एक चमचा स्वतः खाल्ला, मग तोच त्याच्यापुढे केला. त्याने सावधपणे तोंड उघडलं. पहिल्या चमच्याला त्याच्या कपाळावर आठ्या जमल्या, सवयीने, आणि मग हळूहळू सुटल्या. त्याने गिळलं. तिने एक खाल्ला, त्याला एक दिला. चार झाले. पाच झाले. सहाव्याला कोपऱ्यातून ओघळ आला, पांढरा, लांब, हनुवटीवरून खाली लोंबणारा, आणि तोच आवाज आला. बाईला तशीच किळस आली. जी इतके महिने येत होती ती एका संध्याकाळात कुठे जाणार होती. आता तोंड झाकायला काही नव्हतं. नाकाची शेंडी वर गेली, ओठ वाकडा झाला, चेहऱ्यावर जे यायचं ते सगळं आलं. ती उठली नाही. तिने तळहाताने त्याची हनुवटी पुसली आणि तळहात आपल्या साडीला पुसला.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. सगळं बघितलं त्याने, नाक, ओठ, सगळं. मग त्याने सातव्या चमच्यासाठी तोंड उघडलं.